उभ्या गाडीत उंदरांचे बस्तान: वायरिंग दुसऱ्यांदा कुरतडले, आता काय करावे?

प्रश्न : संथ_चाक

माझी गाडी आठवड्यातून फार तर एकदा बाहेर निघते. उरलेले सहा दिवस ती वर छप्पर आणि दोन बाजूंना भिंत असलेल्या जागेत उभी असते. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी ती सुरू केली तेव्हा इंजिन अडखळत, थरथरत चालू लागले आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. बॉनेट उघडून पाहिले तर इंजिनावरच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर बशीसारखा खोलगट ढिगारा रचलेला होता. बॉनेटला आतून जो जाड नमदा लावलेला असतो त्याचे कापसासारखे पिंजलेले तुकडे, वाळलेले गवत, कागदाच्या चिंध्या, आणि या सगळ्यावर अर्ध्या इंचाच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या काळ्या लेंड्या. इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या दोन वायरींचे आवरण इतके सफाईने सोललेले होते की आतले तांबे चकाकत होते.

वायर जोडून घेतली, तिच्यावर काळी टेप गुंडाळली आणि प्रकरण संपले असे समजलो. पंचवीस दिवसांनी नेमक्या त्याच जागी पुन्हा तेच घडले, आणि या वेळी टेपही कुरतडलेली होती. मधल्या काळात मी डांबरगोळ्या ठेवून पाहिल्या, पुदिन्याच्या तेलात भिजवलेले कापसाचे बोळे ठेवले, आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारे एक यंत्रही बॅटरीला जोडले. त्या यंत्रापासून वीतभर अंतरावर ताज्या लेंड्या सापडल्या तेव्हा हसावे की रडावे ते कळेना.

उंदरांना वायरच का लागते? हल्ली वायरींची आवरणे सोयाबीनपासून बनवतात म्हणून असे होते, असे जो तो सांगतो. त्यात तथ्य किती? ते आत शिरतात तरी कुठून, आणि ती वाट बंद करता येते का? गेल्या आठवड्यापासून एसी लावला की कुबट, लघवीसारखा वास येतो, तर तो भाग घरी साफ करावा का? आणि ज्यावरून घरात दोन तट पडले आहेत तो प्रश्न म्हणजे बॉनेटखाली विष ठेवावे का?

उत्तर : तारा_जोडणारा

गाड्यांच्या वायरिंगचे काम मी बरीच वर्षे करत आहे, म्हणून आत शिरण्याच्या वाटांपासून सुरुवात करतो.

वरून पाहिले की इंजिन पेटीत बंद असल्यासारखे वाटते. पण गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिली की ते किती उघडे आहे हे लक्षात येते. चाकावरून सस्पेन्शनच्या दांड्यावर आणि तिथून इंजिनाच्या माथ्यावर जायला उंदराला काही क्षण पुरतात. लहान चिटुकला उंदीर सुमारे 6 मिलिमीटरच्या फटीतून निघतो आणि मोठ्या उंदराला 12 मिलिमीटरच्या आसपासची फट पुरते, त्यामुळे ज्या भोकात आपली करंगळी जाते ते भोक त्याच्या लेखी दार असते. इंजिनाला थंड राहायला हवा लागते आणि पाणी वाहून जायला वाटा लागतात, म्हणून खालचा सगळा भाग बुजवण्याच्या भानगडीत पडू नये. मात्र काही ठरावीक वाटा बंद करता येतात आणि त्या बंद करण्यात खरा फायदा आहे.

त्यांतली सर्वांत महत्त्वाची वाट वायपरच्या खाली, समोरच्या काचेच्या पायथ्याशी असते. तिथल्या काळ्या जाळीदार पट्टीतून बाहेरची हवा एसीच्या ब्लोअरकडे जाते. ती जाळी प्लॅस्टिकची असल्यामुळे दातांपुढे टिकत नाही, आणि एकदा उंदीर तिथून उतरला की आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर ही त्याला आयती गादी मिळते. आपल्याला जो वास येतो आहे तो बहुधा तिथलाच आहे. पट्टी काढून त्या तोंडावर 6 मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची स्टेनलेस स्टीलची जाळी स्क्रूने पक्की बसवून घ्यावी. इंजिनाच्या एअर फिल्टरच्या डब्यात हवा आणणाऱ्या नळीच्या तोंडाशीही तसेच करता येते, परंतु तिथली जाळी सैल राहून आत ओढली गेली तर उंदराने केले नसते इतके नुकसान होईल, म्हणून ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. मागच्या बंपरच्या आड, दार लावताना आतली हवा बाहेर जावी म्हणून ठेवलेल्या रबरी पडद्यांच्या झडपा असतात. डिकीत लेंड्या सापडल्या तर तो पडदा फाटला आहे का ते पाहावे. गाडी बंद करण्यापूर्वी एसीचे बटण आतलीच हवा फिरवण्याच्या स्थितीत ठेवावे, कारण त्यामुळे बहुतेक गाड्यांमध्ये बाहेरच्या हवेची झडप मिटते आणि एक अडथळा फुकट मिळतो. फटींत भांडी घासायची तारेची चोथी कोंबण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मानू नये. ती गंजते, तिचे बारीक तुकडे सुटतात, आणि एखादा तुकडा जोडणीवर पडला तर शॉर्ट सर्किट व्हायला वेळ लागत नाही.

आता आपल्या दुरुस्तीविषयी. उघड्या तांब्यावर नुसती टेप गुंडाळणे ही तात्पुरती मलमपट्टी आहे. आत दमटपणा शिरतो, तांबे हिरवे पडत जाते, आणि सहा महिन्यांनी सेन्सर चुकीचे आकडे दाखवू लागला की दोष कुठे आहे ते शोधताना नाकी नऊ येतात. कुरतडलेला भाग कापून, तेवढ्याच जाडीच्या वायरचा नवा तुकडा जोडून, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि मग संपूर्ण जुडग्याला आवरण घालावे. मिरचीतले तिखट द्रव्य, म्हणजे कॅप्सेसिन, मिसळलेली टेप मिळते. होंडा कंपनी स्वतःच्या सुट्या भागांच्या यादीत अशी टेप विकते. ती उपयोगी आहे, पण जिथे गुंडाळली तेवढ्यापुरतीच. उंदीर तिला सोडून शेजारची वायर धरतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि एक कळकळीची सूचना. घरटे दिसले तर ते पूर्ण काढल्याशिवाय गाडी सुरू करू नका. वाळलेले गवत एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर पडून गाड्या पेटल्या आहेत. इंधनाचा जराही वास येत असेल तर किल्ली फिरवूच नये, कारण इंधनाच्या रबरी नळ्याही कुरतडल्या जातात.

उत्तर : शेपूट_आणि_मिशा

मी प्राणिशास्त्र शिकवते. वरच्या उत्तरातील यांत्रिक माहितीला मला काही जोडायचे नाही, परंतु "चाकावरून चढतो" या गृहीताबद्दल थोडे बोलायचे आहे आणि त्यासाठी आपण केलेले लेंड्यांचे वर्णन फार उपयोगाचे आहे.

लहान उंदराची लेंडी 3 ते 6 मिलिमीटरची असते. गटारांतून, बिळांतून वावरणाऱ्या तपकिरी उंदराची लेंडी पाऊण इंचाची आणि बोथट टोकांची असते. आपण म्हणता तशी अर्धा इंच लांब आणि दोन्ही टोकांना निमुळती लेंडी ही काळ्या उंदराची खूण आहे. हा उंदीर शरीराने सडपातळ आणि चढण्यात पटाईत असतो, त्याची शेपटी डोके आणि धड मिळून होणाऱ्या लांबीपेक्षाही लांब असते, आणि तारेवरून चालताना तो तिचा डोंबाऱ्याच्या काठीसारखा उपयोग करतो. त्याची वस्ती उंचावर असते. तेव्हा गाडीच्या खाली शोधण्याआधी आपण वर पाहावे. छपराची तुळई, भिंतीवरची नळी, बॉनेटपर्यंत लोंबणारी एखादी दोरी किंवा फांदी, भिंतीला टेकवून ठेवलेली खोकी, यांपैकी काही ना काही तिथे असेल. जमिनीवर चाकांभोवती आणि भिंतीच्या कडेने टाल्कम पावडरचा अगदी पातळ थर भुरभुरून ठेवा. दुसऱ्या दिवशी पावलांची रांगच उत्तर देईल.

वायर का, हा प्रश्न मला वर्गातही विचारला जातो. उंदीर वायर खात नाही, कुरतडतो, आणि या दोन क्रियांत फरक आहे. कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या, प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. मोठ्या उंदराच्या बाबतीत ही वाढ वर्षाला 10 सेंटिमीटरहून अधिक भरते. त्या दातांना कठीण इनॅमल फक्त पुढच्या बाजूला असते आणि त्यात लोह असल्यामुळे ते पिवळट नारिंगी दिसते. मागची बाजू मऊ असल्याने ती आधी झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार राहते. हे दात झिजवत राहणे हा त्याचा नाइलाज आहे. त्यात वायरींचा जुडगा म्हणजे दातात बरोबर मावणारी, किंचित लवचिक, एका जागी घट्ट धरलेली वस्तू. शिवाय ती त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच आडवी पसरलेली असते. चावायला यापेक्षा सोयीचे काही त्या अंधारात नसते.

सोयाबीनच्या कथेबद्दल सांगायचे तर अमेरिकेत 2016पासून काही मोटारमालकांनी या मुद्द्यावर कंपन्यांविरुद्ध दावे दाखल केले आणि तेव्हापासून ही गोष्ट सर्वतोमुखी झाली. काही आवरणांत वनस्पतिजन्य घटक असतात हे खरे आहे. परंतु असे घटक येण्याच्या कितीतरी आधीपासून उंदीर साध्या पीव्हीसीच्या वायरी, टेलिफोनच्या केबली, इतकेच काय पण शिशाचे नळही कुरतडत आले आहेत, आणि शिशाला काही चव असते असे म्हणता येत नाही. त्यामुळे सोया नसलेली गाडी घेतली तर सुटका होईल या आशेवर राहू नये.

त्याला हवा असतो आडोसा. अंधार, छप्पर, चहूबाजूंनी अरुंद भिंती, घरट्यासाठी नमद्याचा कापूस, आणि मुख्य म्हणजे कित्येक दिवस कोणी न ढवळणे, हे सारे आपल्या गाडीत आहे. थंड प्रदेशांत त्यात इंजिनाच्या उबेची भर पडते. एकदा जागा पसंत पडली की तो लघवीच्या थेंबांनी तिच्याकडे जाणारी वाट आखून ठेवतो, आणि ती खूण त्याच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या उंदरालाही वाचता येते. आपली वायर पुन्हा "नेमक्या त्याच जागी" तुटली ती यामुळेच. पहिल्या वेळी आपण वायर दुरुस्त केली, पण वास धुतला नाही.

उग्र वासांचा उपयोग किती, हे आता आपणच सांगू शकाल. नव्या वासाने उंदीर एक-दोन दिवस बिचकतो, मग सरावतो. शिवाय ते तेल उडून जाते. डांबरगोळ्यांबद्दल मात्र माझा स्पष्ट विरोध आहे, कारण त्यांतल्या नॅप्थॅलीनची वाफ एसीच्या मार्गाने बंद केबिनमध्ये येते आणि ती माणसाला, विशेषतः लहान मुलांना, घातक आहे. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या, म्हणजे अतिस्वनी, यंत्रांविषयी तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने 2001मध्ये साठाहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना पत्रे पाठवून, दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, अशी ताकीद दिली होती. तो आवाज हवेत पटकन विरतो, वस्तूंच्या आड पोहोचत नाही, आणि इंजिनाच्या भागात तर सगळ्या वस्तूच वस्तू असतात.

जाता जाता एक उदाहरण देते. युरोपात हेच काम मार्टेन नावाचा, मुंगसाच्या बांध्याचा मांसाहारी प्राणी करतो. 1970च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील विंटरटूर शहरात कापलेल्या नळ्यांचे कोडे पडले आणि गुन्हेगार हा निघाला. आज एकट्या जर्मनीत विमा कंपन्यांकडे दरवर्षी दोन लाखांच्या आसपास दावे त्याच्या नावे येतात. त्याचे कारण मात्र उंदरापेक्षा अगदी निराळे आहे. एका नराने गाडीवर आपला वास सोडलेला असतो, ती गाडी दुसऱ्या नराच्या हद्दीत जाऊन उभी राहते, आणि तो चवताळून रबर फाडतो. तिथेही जाणकारांचा पहिला सल्ला इंजिनाचा भाग धुऊन वास घालवावा हाच असतो. प्राणी वेगळा, हेतू वेगळा, तरी गाठ वासाशीच येऊन पडते, याची मला दर वेळी गंमत वाटते.

उत्तर : काचपट्टी

मी रोगनिदान प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे फक्त सफाईच्या प्रश्नाला उत्तर देते. तेही जरा सविस्तर, कारण नेमक्या याच ठिकाणी माणसे घाई करतात.

सर्वांत आधी, एसी लावणे बंद करा. ब्लोअर चालू केला की फिल्टरवर वाळलेल्या मूत्राचे आणि विष्ठेचे कण थेट आपल्या तोंडावर येतात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो हे बहुतेकांना ठाऊक असते. जगाच्या काही भागांत त्यांच्या विष्ठेच्या धुळीतून हंटाव्हायरस हा विषाणू श्वासावाटे शरीरात जातो आणि त्याने होणारा आजार जिवावर बेतू शकतो. म्हणून पहिला नियम असा की कोरडे काहीही झाडायचे नाही, व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही आणि हवेच्या झोताने उडवायचे तर मुळीच नाही. आपण घरटे कसे काढले ते लिहिलेले नाही, पण ते उघड्या हातांनी उचलले असेल तर निदान यापुढे तसे करू नये.

गाडी उघड्यावर आणून सर्व दारे आणि बॉनेट अर्धा तास उघडे ठेवावे. बॅटरीची तार सोडवावी. रबरी हातमोजे आणि नाकातोंडावर नीट बसणारा मास्क घालावा. नंतर घरटे आणि लेंड्या जंतुनाशकाने चिंब भिजवून किमान पाच मिनिटे तशाच राहू द्याव्यात, कागदी रुमालांनी टिपून घ्याव्यात आणि एकात एक अशा दोन पिशव्यांत बांधून टाकाव्यात. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी हे मिश्रण चालते, पण ते धातू गंजवते आणि आसनाच्या कापडाचा रंग उडवते. म्हणून इंजिनाच्या भागात आणि आसनांवर सौम्य घरगुती जंतुनाशक वापरलेले बरे. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही सफाईद्रव्य मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. जोडण्यांवर पाण्याचा फवारा मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे.

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डाव्या आसनासमोरच्या कप्प्यामागे असतो आणि तो खटके दाबून बाहेर निघतो. तो धुऊन परत बसवण्याचा मोह टाळा; भिजवा, पिशवीत घाला, टाकून द्या. त्याच्या मागच्या पोकळीत हात पोहोचत नसेल, किंवा वास फिल्टर बदलल्यावरही कायम राहिला, तर ब्लोअरच्या पंख्यात काहीतरी मरून पडलेले असण्याची शक्यता आहे आणि त्यासाठी डॅशबोर्डचा काही भाग उघडावा लागतो. ते घरचे काम नाही.

उत्तर : मांजरप्रेमी

इतके उपाय वाचून आश्चर्य वाटले. एक मांजर पाळावे, प्रश्न मिटला. आणि विष तर ठेवावेच. उंदरांशी कसली दयामाया?

उत्तर : शेपूट_आणि_मिशा

दयामायेचा मुद्दा घटकाभर बाजूला ठेवू. बाजारातली बहुतेक विषे रक्त गोठू न देणारी असतात आणि उंदीर खाल्ल्यानंतर काही दिवसांनी मरतो. त्या दिवसांत तो कुठे जाईल? आपल्या हक्काच्या घरी, म्हणजे आपल्याच गाडीच्या हवेच्या नळीत. त्यानंतरचा वास ज्याने एकदा घेतला आहे तो विषाचे नाव काढत नाही. शिवाय विष खाऊन मंदावलेला उंदीर घुबडाच्या, कुत्र्याच्या किंवा आपल्या त्या मांजराच्या तोंडी सहज लागतो आणि विष त्यांच्याही पोटात जाते. बॉनेटखाली ठेवलेली वडी चालत्या गाडीतून रस्त्यावर पडेल ती गोष्ट निराळीच.

मांजराच्या वावराने उंदीर सावध होतात हे मान्य आहे. पण थंडीत मांजरे स्वतःच उबेसाठी इंजिनावर चढून झोपतात आणि गाडी सुरू होताच पट्ट्यात किंवा पंख्यात सापडून जखमी होतात. मांजर पाळले असेल किंवा नसेल, गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारून क्षणभर थांबण्याची सवय सर्वांनीच लावून घ्यावी. उंदरांच्या मागावर सापही येतो. तो इंजिनाच्या भागात दिसला तर बॉनेट सावकाश लावून दूर व्हावे आणि साप पकडणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला बोलवावे. काठीने डिवचले की तो आणखी आत, डॅशबोर्डमागे, शिरतो.

मारायचेच असेल तर स्प्रिंगचा चाप हा त्यातल्या त्यात झटपट मार्ग आहे. तो गाडीत न ठेवता भिंतीच्या कडेला, आमिषाचे टोक भिंतीकडे करून ठेवावा, कारण उंदीर मोकळ्यातून न जाता भिंतीला अंग घासत चालतो. चिकट पुठ्ठे मात्र वापरू नयेत. त्यावर उंदीर तासन् तास तडफडतो, आणि पाली नि पक्षीही अडकतात.

उत्तर : तंबू_आणि_नकाशा

विषय वायरींचाच चालला आहे, पण प्राणी गाडीकडे कशासाठी येतो हे आधी ओळखावे, या मुद्द्याला पुष्टी देणारी काही उदाहरणे डोंगराळ भागांत भटकणाऱ्यांना परिचित आहेत.

कॅलिफोर्नियातील सिकोया राष्ट्रीय उद्यानात मिनरल किंग नावाचे खोरे आहे. तिथे मार्मोट हा खारीच्या कुळातला, मांजराएवढा गुबगुबीत प्राणी वसंतापासून जुलैच्या मध्यापर्यंत उभ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या नळ्या आणि वायरी कुरतडतो. त्याला आतल्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या शीतकद्रवाचे आकर्षण असते असे मानले जाते, आणि तेच द्रव इतर बहुतेक प्राण्यांना विषारी आहे. त्यामुळे तिथे येणारे लोक जमिनीवर ताडपत्री अंथरतात, गाडी तिच्यावर चढवतात आणि ताडपत्रीच्या कडा वर ओढून गाडीला दोरीने बांधून टाकतात. गाड्यांचा अख्खा तळ गाठोड्यासारखा बांधलेला पाहून नवख्या माणसाला काय चालले आहे ते कळत नाही. अस्वलाचे गणित सरळ आहे. त्याला अन्न हवे असते. योसेमिटी उद्यानात अंधार पडल्यावर गाडीत अन्न किंवा कोणतीही सुगंधी वस्तू, अगदी टूथपेस्टसुद्धा, ठेवण्यास मनाई आहे, कारण अस्वल काचेच्या चौकटीत नखे अडकवून दाराची वरची कड खाली वाकवते. न्यूझीलंडमधला किआ पोपट तर काही खायला मिळो न मिळो, निव्वळ कुतूहलापोटी काचांभोवतीचे रबर सोलत बसतो. खारीला हवे असते कोठार. 2021मध्ये अमेरिकेतील फार्गो शहरात एका मालकाने आपल्या ट्रकमधून 42 गॅलन, म्हणजे सुमारे 159 लिटर, अक्रोड बाहेर काढले. एकाच खारीने ते बंपरच्या आणि पत्र्यांच्या पोकळ्यांत साठवले होते.

तेव्हा माझा एकच प्रश्न आहे. गाडीत खाण्याचे काही राहिले आहे का? लहान मुले असतील तर आसनांच्या खाचा एकदा तपासून पाहा.

पुढील नोंद : संथ_चाक

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवस वाट पाहून मगच लिहितो आहे.

पावडरचा प्रयोग केला आणि "शेपूट_आणि_मिशा" यांचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले. चाकांभोवतीची पावडर सकाळी जशीच्या तशी होती. तिच्यावर फक्त एका पालीची शेपटी फिरल्याची नागमोडी रेघ होती. क्षणभर वाटले की पाहुणा गेला. मग वायपरच्या काळ्या पट्टीवर पावडर टाकून पाहिली, तर दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटांचे बारीक ठसे आणि त्यांच्या मधोमध ओढत गेलेल्या शेपटीची रेघ दिसली. वर पाहिले. छपराच्या पाण्याची नळी भिंतीवरून उतरते, आणि तिला टेकून आमची एक जुनी शिडी आडवी टांगलेली आहे. शिडीचे टोक काचेपासून हातभरही दूर नव्हते. नळीच्या वळणावर पांढऱ्या भिंतीला उंदराचे अंग घासून तेलकट काळपट पट्टा पडलेला होता. तो मी वर्षभर रोज पाहत होतो आणि छपराची गळती समजत होतो.

शिडी हलवली. नळीभोवती पत्र्याची गुळगुळीत, शंकूसारखी कॉलर बसवली. केबिन फिल्टर काढला तेव्हा त्यावर नमदा, एका पावतीचे अर्धे तुकडे आणि माझ्या मुलीच्या हातमोज्याचा अंगठा, एवढा ऐवज मिळाला, पिल्ले नव्हती. सगळे भिजवून, टिपून टाकले. इंजिनाचा भाग ओल्या फडक्याने दोनदा पुसला. "तंबू_आणि_नकाशा" यांना सांगतो, मागच्या आसनाच्या खाचेत बिस्किटांचा चुरा निघाला, तोही मूठभर. विषाचा विचार घरात एकमताने रद्द झाला. गाडी आता एक दिवसाआड फिरवून आणतो, आणि आत अंधारा आडोसा राहू नये म्हणून रात्री बॉनेट वीतभर उघडे ठेवतो. वर छप्पर असल्यामुळे ते शक्य आहे. गेल्या नऊ दिवसांत एकही नवी लेंडी दिसलेली नाही. वायपरच्या पट्टीवर मात्र अजून रोज पावडर टाकतो.

उत्तर : तारा_जोडणारा

वाट वरून निघाली, हे मान्य. माझा अंदाज चुकला. पट्टीवर पावडर टाकणे मात्र आजच थांबवा. ती ब्लोअरमधून नव्या फिल्टरवर जाऊन बसेल. ठसे पाहायचेच असतील तर तिथे काळा कागद चिकटवून त्यावर टाका आणि गाडी सुरू करण्याआधी तो कागद काढून घ्या. रात्री बॉनेट उघडे ठेवता तेव्हा त्याखालचा दिवा आपल्या गाडीत आहे का तेही पाहा; असेल तर त्याचा बल्ब काढून ठेवा, नाहीतर उंदरांऐवजी बॅटरी उतरल्याची तक्रार घेऊन याल. स्टीलची जाळी अजून बसवलेली दिसत नाही. ती बसवा. शिडी पुन्हा तिथे कधी टांगली जाईल ते सांगता येत नाही.